उंचीचा रकाना

“चौदा नंबरचं कोण आहे?” सिस्टरने वॉर्डच्या दारातून विचारलं आणि मी उठून उभी राहिले. मांडीवरची फाईल बाकावर ठेवली, दोन पावलं पुढेही गेले. तेवढ्यात शेजारचा माणूस थर्मास घेऊन उठला आणि बसमध्ये एकाच रिकाम्या सीटपाशी दोघांनी पोचावं तसे आम्ही दारापाशी थबकलो. सिस्टरने मला ओळखलं. “तुम्ही नाही हो,” ती म्हणाली. “आत्ताचे चौदा नंबर.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बसा तुम्ही. तुमचा कागद सहीला गेलाय.” मी बसले. आईला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. दवाखान्याच्या एका कागदावर तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घ्यायला मी आले होते. सव्वीस दिवस ती चौदा नंबर होती आणि तेवढ्यात मला उठायची सवय लागली होती. उघड्या दारातून खाट दिसत होती. एक जाडजूड बाई उशीबद्दल कुरकुरत होती. तिचं काहीच चुकत नव्हतं. ती पूर्णपणे चौदा नंबर होती, आई होती तितकीच.

त्या खाटेवर निजायच्या आधी आईने सिस्टरला विचारलं होतं, इथे आधी कोण होतं, ती बाई कुठे गेली. सिस्टर तयारीची. बरी होऊन घरी गेली म्हणाली. त्यावर आई आडवी झाली. हे मी जन्मभर पाहत आले होते. कुणाच्या घरी मुक्कामाला गेलो तरी अंथरुणावर टेकण्याआधी ती विचारायची, इथे कोण निजतं एरवी? त्यांची अडचण तर होत नाही ना? लोकांना तो संकोच वाटे, मलाही तसंच वाटे. माझ्या मैत्रिणी म्हणत, तुझी आई म्हणजे अगदी परक्याचं अंथरूणसुद्धा जपणारी. मी ते माझ्या दुसऱ्या कादंबरीत एका बाईला देऊनही टाकलं होतं, स्वभावाची एक लकब म्हणून. मी आईचं बरंच काही असं इकडेतिकडे देऊन टाकलेलं आहे.

कागद मिळाला. खाली आले, रस्त्यापाशी सिग्नलला थांबले. हिरवा माणूस लागला, लोक पलीकडे गेले, लाल लागला, पुन्हा हिरवा लागला, आणि मी तिथेच होते. सिस्टरचा एक शब्द डोक्यात अडकला होता. आत्ताचे. आत्ताचे चौदा नंबर. म्हणजे आधीचे चौदा, त्याच्या आधीचे चौदा. खाट एक, नंबर एक, आणि पायथ्याशी अडकवलेल्या फळीवर एकाखाली एक कागद. आणि मग अचानक, कुणी मानगूट धरून वळवावी तसं, मला त्रेसष्ट नंबरच्या पानावरचा उंचीचा रकाना दिसला. एक्केचाळीस. साडेत्रेचाळीस. अडतीस. सात वर्षं मी त्या अडतीसकडे पाहत होते. मी त्याच्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. प्रकाशकाच्या मते सगळं पुस्तक त्या एका प्रकरणावर उभं होतं. आणि पुस्तकाची शेवटची प्रुफं माझ्या टेबलावर पडली होती, परवा सही करून द्यायची होती.

हे सांगायचं तर जरा मागून सांगायला हवं. आई अनाथाश्रमात वाढली. हे तिने कधी लपवलं नाही आणि कधी सांगितलंही नाही. विचारलं की ती म्हणे, “होते तिथे. जेवायला घालायचे.” एवढ्यावर विषय संपे. पुढे काही विचारावं तर हातातलं काम ती अशा रीतीने उचले की आपणच आगाऊपणा केला असं वाटावं. बाबा म्हणत, तिला नको उकरायला लावू. मी नऊ वर्षांची असताना शाळेत निबंध आला, माझे आजोळ. वर्गात सगळ्यांची पेनं चालू झाली आणि मी कोऱ्या पानाकडे पाहत राहिले. मग लिहिलं. विहीर लिहिली, विहिरीवरचा रहाट लिहिला, आजीच्या हाताचा खरखरीतपणा लिहिला, दोन मामा लिहिले, त्यातला धाकटा मला खांद्यावर घेऊन हिंडवतो असं लिहिलं. बाईंनी तो निबंध तिन्ही तुकड्यांत वाचून दाखवला. घरी आल्यावर मी वही आईपुढे धरली. तिने सावकाश, ओठ हलवत, सगळा वाचला. मला वाटलं रडेल, किंवा रागावेल. ती म्हणाली, “मामा दोन कशाला? एक पुरे होता.” मग थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, विहीर कुठून आणलीस असं विचारलं. माझं लेखन तिथे सुरू झालं. पुढे मुलाखतींमध्ये मी वेगळंच सांगत आले, वाचनालय वगैरे. पण खरं हे आहे, की जिथे काही नव्हतं तिथे मी विहीर खणली आणि सगळ्यांनी तिचं पाणी गोड म्हटलं.

त्यानंतर तीन कादंबऱ्या झाल्या. तिन्हींत कुठेतरी एक पोरकं मूल येतंच, असं एका समीक्षकाने दाखवून दिल्यावर मला चोरी पकडल्यासारखं झालं. मग मी ठरवलं, आता समोरून लिहायचं. आईच्या तोंडून काही निघणार नाही, तर कागदातून काढायचं. आश्रम केव्हाच बंद झाला होता. त्याच्या वह्या सरकारी दप्तरखान्यात होत्या. तिथे एक दप्तरवाले आहेत, माझ्याच वयाचे, बाह्यांना कापडी मोजे चढवून बसणारे. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्यापुढे एक दांडगी नोंदवही ठेवली. एका नंबराला एक पान. वर वय अंदाजे, आणल्याची तारीख. खाली रकाने: वर्ष, उंची, वजन, आजार, काम. नाव एकाही पानावर नव्हतं. मोठी साथ होऊन गेल्यावर एकदम पुष्कळ मुलं आली, तेव्हापासून नावं लिहिणं सोडलं होतं. मी आधी आईला शोधलं. तिचं वय, ती तिथे आल्याचा सुमार, सगळं धरून पानामागून पान पाहिलं. त्या वर्षी, त्याच्या पुढच्यामागच्या वर्षी, चार वर्षांची कुठलीच मुलगी आणल्याची नोंद नव्हती. आई त्या वहीत कुठे नव्हती. आणि आईला शोधता शोधता मला त्रेसष्ट नंबर सापडला.

त्रेसष्ट नंबर म्हणजे आई असणं शक्यच नव्हतं. तो नंबर साथीच्या वर्षीचा, आईच्या जन्माच्याही आधीचा. वय अंदाजे पाच, उंची एक्केचाळीस इंच. पण काय पान होतं ते. बाकीची पानं वाळवीने खाल्लेली, वरचा मजकूर आणि चारदोन ओळीच उरलेल्या, हे दोन्ही बाजूंनी भरलेलं. अठरा वर्षं. दुसऱ्या वर्षी गोवर, मग उंची साडेपाच इंचांनी कमी. पुढे चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. पुन्हा गोवर. मग सदतीस. मग चार वर्षं उंचीचा रकाना रिकामा, नंतर अठ्ठेचाळीस, आणि असं करत शेवटी एकोणसाठ, आणि शेरा, शिवणकामास बाहेर दिली. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. कुणी तिथे बसून वाचलं असतं तर त्याला काय दिसलं असतं ते मला माहीत नाही. मला माणूस दिसलं. मला दिसली एक मुलगी, आजारातून उठल्यावर जिने वाढायचं नाकारलं. जी अन्न कपड्यात लपवून बाहेर टाकते, जी भिंतीला पाठ लावून उभी केली की गुडघे वाकवते, जी दरवर्षी मोजणाऱ्या बाईच्या हातून थोडी निसटते. मी तिला कणी असं नाव दिलं. आश्रमातली मुलं तिला तसं म्हणतात, तांदळाची कणी. कणी लहान होत जाते. ज्या दिवशी मला हे सुचलं त्या दिवशी मी दप्तरखान्याच्या जिन्यात बसून हसले होते, येणारे जाणारे बघत होते.

अडतीसच्या आकड्याचं मी असं केलं. सदतीसचं त्याहून वाईट केलं. कारण दुसऱ्यांदा लहान होणं गोष्टीत बसेना. एकदा झालेली गोष्ट वाचकाला हलवते, दुसऱ्यांदा झाली की तो घड्याळ बघतो. मी ते अक्षर भिंगाखाली पाहिलं. त्या वर्षापासून लेखनिक बदललेला, त्याचा तीन जरा चारासारखा. मी ठरवलं, सत्तेचाळीस. चव्वेचाळीसनंतर सत्तेचाळीस, सरळ. दुसरा गोवरही मी काढून नुसता ताप केला. अठरा वर्षं एखाद्या मुलीला आश्रमात कोण ठेवून घेईल, तर मी तिला शिवणघरात मदतनीस केली. प्रत्येक ठिकाणी कागद म्हणत होता, बाई, थांब, आणि प्रत्येक ठिकाणी मी त्याला म्हटलं, थांब, मला समजलंय. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. हिशेबनिसाने आकडा बघितला असता, डॉक्टरने गोवर बघितला असता. जे जुळत नाही त्यालाच माणसाचा स्वभाव म्हणायची खोड फक्त आमच्या धंद्यात असते.

रविवारी दुपारी मी आईला प्रकरणं वाचून दाखवायची. हे तिनेच मागितलं होतं, डोळे अधू झाल्यावर. ती खिडकीपाशी खुर्चीत बसे, मांडीवर काहीतरी उसवायला घेतलेलं. तीस वर्षं तिने शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात काम केलं होतं. लांबोळकं दुकान, मागच्या खोलीत चार मशिनं, कापडाच्या ताग्यांचा खळीचा वास, जमिनीवर निळ्या खडूची पूड. जूनच्या आधी दोन महिने तिथे पोरांची रांग लागे आणि आई गळ्यात टेप घालून खाली वाकून मापं घेई. पुढे पुढे तिला टेपही लागेना. दारातून मूल आत आलं की ती म्हणायची, छाती सव्वीस, आणि सव्वीस निघायची. घरी माणसांबद्दलही ती तसंच बोले. माझ्या होऊ घातलेल्या नवऱ्याला पाहून म्हणाली होती, खांदे चांगले आहेत, पण डावा उतरता आहे. पुढे काय झालं ते बघता, टेप तेव्हाही लागली नाही.

तर कणी लहान होते ते प्रकरण मी तिला वाचून दाखवलं. माझा आवाज दोनदा कापला, इतकं मला ते आवडलं होतं. वाचून झालं. आई उसवत होती. म्हणाली, “छान लिहिलंयस.” मग दोरा तोंडाने तोडला आणि म्हणाली, आमच्या दुकानात मापांची वही असायची, घराण्याच्या नावाने, दरवर्षी खाली नवं माप लिहायचं. कधी कधी मागच्या वर्षीपेक्षा कमी माप यायचं. नवीन मुली गोंधळायच्या, टेप चुकली म्हणायच्या. “मी सांगायची त्यांना, माप कमी झालं की समजायचं दुसरं मूल आलंय. धाकटं. मूल काही लहान होत नाही.” मी हो म्हटलं. मला वाटलं नेहमीचंच, पुस्तकाचा भार झाला की आई दुकानात जाते. मी मनातल्या मनात तिला क्षमासुद्धा केली. दुसऱ्या एका रविवारी, पुढचं प्रकरण ऐकताना, तेव्हा त्यात अजून दुसरा गोवर होता, ती मधेच म्हणाली, “गोवर दोनदा येत नाही गं.” मी म्हटलं, कागदात आहे आई. ती म्हणाली, असेल. आणि मी घरी परत जाऊन गोवर काढून ताप केला, तेवढं मात्र तिचं ऐकलं.

सिग्नलवरून मी घरी कशी आले ते आठवत नाही. दार उघडून चपलांसकट टेबलापाशी गेले आणि नोंदवहीच्या फोटोंच्या प्रती काढल्या. दुपारचे दोन वाजले होते. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी फूटपट्टी घेऊन एकेक ओळ झाकत गेले. साडेत्रेचाळीस, गोवर. ओळ. अडतीस. चव्वेचाळीस, गोवर. ओळ. सदतीस. त्या सदतीसला भिंग लागत नव्हतं. तो स्वच्छ तीन होता. मी दप्तरवाल्यांना फोन लावला. ते जेवत असावेत. मी विचारलं, ते नंबर कशाचे होते? ते म्हणाले, खुंटीचे. प्रत्येक पोराला एक खुंटी, तिच्याखाली खाट, तिच्यावर ताटली. आश्रमाला मंजुरी शंभर पोरांची, म्हणून खुंट्या शंभर. “पोरं बदलायची ताई. खुंटी तीच. पान भरेपर्यंत त्याच पानावर लिहायचे.” मी विचारलं, आणि गेलेल्यांची नोंद? ती वेगळी वही, म्हणाले, ती कधी आलीच नाही आमच्याकडे. मग मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत, सात वर्षं मी तुमच्यासमोर बसत होते. ते म्हणाले, “तुम्ही पहिल्याच आठवड्यात म्हणालात, मला त्रेसष्ट नंबरची मुलगी सापडली. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, गोष्टीसाठी तिघींची एक केलीय. लेखक करतात ना तसं.” मी म्हटलं, हो, करतात. जेवा तुम्ही.

तिघी. त्यांनी सहज म्हटलं. मी तोवर ते मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. पहिली, एक्केचाळीस इंची, दोन वर्षं. दुसरी, अडतीस इंची, चार वर्षं. तिसरी, सदतीस इंची, वय लिहिलेलं नाही, कारण वय पानाच्या वरती एकदाच लिहायचं आणि ती जागा आधीच भरलेली. मी बोट त्या ओळीच्या सालापाशी नेलं. आई चार वर्षांची असतानाचं साल. सदतीस इंच म्हणजे चार वर्षांची मुलगी, आईने दारातूनच सांगितलं असतं. आणि बारा वर्षांनी, शिवणकामास बाहेर दिली. मी आईला सगळ्या वहीत शोधलं होतं आणि ती माझ्या नायिकेच्या पोटात बसली होती, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. माझ्या आईची या जगातली पहिली नोंद, तिची उंची, मी लेखनिकाची चूक म्हणून दुरुस्त केली होती. वर दहा इंच वाढवून दिले होते.

तिला कळलं होतं का? हा प्रश्न त्या दुपारी मी इतक्या वेळा फिरवला की त्याच्या कडा झिजल्या. तिला नंबर आठवत असणारच. बारा वर्षं माणूस एका खुंटीखाली निजतो आणि विसरतो असं होत नाही. मी पहिल्याच रविवारी त्रेसष्ट हा आकडा मोठ्याने वाचला होता. तेव्हा तिने मान वर केली होती का? मी कागदाकडे बघत होते. हा माझा नंबर, एवढंच तिने म्हणायला हवं होतं. म्हणाली नाही. मापांच्या वहीबद्दल बोलली, गोवराबद्दल बोलली, दोन वेळा दार किलकिलं केलं आणि मी दोन्ही वेळा बाहेरून ओढून घेतलं. की तिला सांगायचंच नव्हतं? मुलीने सात वर्षं खपून एक मुलगी उभी केली, जी अठरा वर्षं कशालाच बधत नाही, साथीला नाही, उपासाला नाही. त्या मुलीला मारायचं कुणी, आणि तेही आईने? की तिला हेच ऐकायला आवडत होतं, की तिच्या आधी तिथे कुणी मेलं नव्हतं, तीच होती पहिल्यापासून? इथे आधी कोण होतं, ती बाई कुठे गेली. चार वर्षांच्या मुलीने हे विचारलं असेल. आणि तिला कुणीतरी सांगितलं असेल, घरी गेली. अनाथाश्रमात. कुठल्या घरी, हे विचारायचं वय नसतं ते. नंतर ते वय आलं असेल.

चार वाजता प्रकाशकांना फोन केला. ते चांगले गृहस्थ आहेत, मोठ्याने बोलतात आणि मनात काही ठेवत नाहीत. आईच्या आजारात दोनदा भेटून गेले होते. मी सगळं सांगितलं, थांबत थांबत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. मग म्हणाले, “अहो बाई, कादंबरी आहे, शिरगणती नाही.” वाचक काय फूटपट्टी घेऊन बसणार आहे का, आणि ती खुंटीची भानगड तुम्हाला, मला आणि त्या दप्तरवाल्याला सोडून कुणाला कळणार आहे. कणी लहान होते म्हणून तर लोक रडणार. ती मेली आणि तिच्या जागी दुसरी आली, तर ती बातमी झाली. मग आवाज बदलून म्हणाले, आईंचं आत्ताच झालंय, महिनाभर थांबू, छपाई पुढे ढकलतो, पण पुस्तकाला हात लावू नका, दुःखात माणूस घर आवरायला काढतो आणि चांगल्या वस्तू फेकून देतो. ते खोटं बोलत नव्हते. मलाही ते प्रकरण अजून आवडत होतं, हेच तर वाईट होतं. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. म्हणाले, मग सही? मी म्हटलं, परवा सांगते. म्हणाले, परवा सही करायची ठरली होती, बाई, सांगायचं नव्हे.

फोन ठेवल्यावर मी प्रुफांचा गठ्ठा पुढे ओढला. दोनशे सत्याऐंशीव्या पानावर कणी भिंतीला उभी राहते आणि बाई म्हणतात, सत्तेचाळीस. मी चाराचा तीन केला. एवढीच दुरुस्ती, समासात एक रेघ आणि एक आकडा, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला पूर्वी त्याचा त्रासही वाटला नसता. पण तो आकडा केला आणि पुढचं वाक्य खोटं पडलं. मग त्याच्या पुढचं. मग पान उलटून मागचं. सही करायची तर हा तीन पुन्हा चार करायला हवा होता, हे मला दिसत होतं. माझ्या हातात पेन होतं आणि खरंच, पाच मिनिटं मी ते त्या आकड्यावर धरून बसले. कणी राहिली तर माझं पुस्तक राहतं. ती जिवंत राहते, लोक तिच्यासाठी रडतात, आणि त्या वहीत आई कधीच येत नाही. शेवटी मी गठ्ठा बाजूला सरकवला आणि कोरे कागद घेतले.

पहिली मुलगी लवकर लिहून झाली. अकरा ओळींत. तिच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं आणि या वेळी मी काही आणलं नाही. आली तेव्हा एक्केचाळीस, पुढच्या वर्षी साडेत्रेचाळीस, गोवर, दूध दिल्याची एक खूण. मग काही नाही. नाव लिहायची वेळ आली तेव्हा जागा सोडली. तिचं दहन झालं की दफन, तिला कुणी नेलं, एवढे प्रश्न लिहून मी तिच्यातून बाहेर आले. एवढं लिहिता आलं. दुसरीपाशी मात्र मी अडले. दुसरी चार वर्षं होती. माझ्याकडे तिच्या चार ओळी होत्या, कामाच्या रकान्यात पहिल्या वर्षी काही नाही, मग रीळ गुंडाळणे, मग रीळ गुंडाळणे, मग बटणं. सहासात वर्षांची मुलगी बटणं लावत होती, म्हणजे तिचा हात चांगला असणार, म्हणजे कुणीतरी तिला जवळ बसवून शिकवलं असणार. मी एवढंच लिहिलं आणि ती माझ्या ओळखीची झाली. हेच टाळायला हवं होतं. नंतर गोवर आला. मी अंगावरचे डाग लिहिले, डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून खिडकीवर टाकलेलं कांबळं लिहिलं, आणि मग मला बाहेरच्या ओट्यावर आई दिसली.

चार वर्षांची. कुणीतरी तिचा हात धरून तिला आणलं होतं. त्या माणसाला मला चेहरा देता येईना. शेजारीण असेल, पोलीस असेल, माझी कुणी नातलग असेल. आतून बाई बाहेर आल्या. त्यांनी आत एकवार वळून पाहिलं, खाटेकडे, मग मुलीकडे, आणि म्हणाल्या, आज जागा नाही, दोन दिवसांनी या. हे वाक्य माझ्या हातून उतरलं आणि मी पेन खाली ठेवलं. आजवर मी पुष्कळ माणसं मारली आहेत, तो माझा पेशाच आहे, नवरे, म्हातारे, एकदा एक आख्खी नाव बुडवली आहे. पण आईला आत घ्यायचं तर या मुलीला उठवायला हवं होतं त्या खाटेवरून, आणि ती खाट तेवढ्या एकाच प्रकाराने रिकामी होत होती. मी तिला पाणी पाजलं. ताप उतरवला. ती उठून बसली, तिने बटणं मागितली. नऊ ओळी मी तिला जिवंत ठेवलं, चांगल्या ओळी होत्या, आणि तेवढा वेळ आई बाहेर उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, काही न विचारता. तिला माहीत नव्हतं ती कशाची वाट पाहतेय. मला माहीत होतं. आणि पन्नास वर्षांपूर्वी शाळेच्या वहीत जे केलं ते आता करून भागणार नव्हतं.

मी त्या नऊ ओळी खोडल्या. एकेक करून, वाचता येणार नाहीत अशा. मग तिचं मरण लिहिलं. जास्त नाही. सकाळी बाईंनी कांबळं काढून खिडकी उघडली आणि खाटेवरची चादर ओढून घेतली, तिथपर्यंत. चादर धुवायला गेली. तिचा फ्रॉकही धुवायला गेला. उजेड खूप होता त्या खोलीत, तो तसाच लिहिला.

दोन दिवसांनी आई परत आली. तिला आणणाऱ्याने हात सोडला तेव्हा तिने वळून पाहिलं की नाही, हे मला ठाऊक नाही, म्हणून लिहिलं नाही. भिंतीला उभी केली. सदतीस, बाई म्हणाल्या, आणि कुणीतरी लिहून घेतलं. मग दोरीवरून फ्रॉक आणला. तो तिला फार मोठा होता आणि अजून ओला होता. आईने दोन्ही हात वर केले.